दहावा आठवडा

"पाय हलवू नका हां," सारिका म्हणाली, आणि मग स्वतःच खुदकन हसली.

"हलीवतो थांब. एक लाथच घालतो," धोंडिराम म्हणाला.

स्टेजच्या मागे, काळ्या पडद्याआड, तो स्ट्रेचरवर उताणा पडला होता आणि ती त्याच्या पायाशी बसून अर्ध्या ब्लेडनं त्याची नखं काढत होती. पडद्यापलीकडे चाळीस देशांतले पाचशे डॉक्टर बसले होते. पाठीच्या कण्याच्या दुखापती, त्यावरचे उपचार, नवं संशोधन असं सगळं चार दिवस चालणार होतं, पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ आमची होती. आमची म्हणजे आमच्या सरांची, डॉ. रणदिव्यांची. मी त्यांच्या कोल्हापूरच्या केंद्रातली फिजिओथेरपिस्ट. मला आठवा महिना लागला होता.

"अगं, नखं कोण बघणार आहे?" मी म्हटलं.

"मोठ्या पडद्यावर दावणार म्हणं पाय. एवढे एवढे. नावं मलाच ठेवतील न्हवं, परदेशात जाऊन."

"परदेशात तुला कोण वळखतंय?" धोंडिराम म्हणाला. "ताई, हिला म्हणावं लाल रंग बी लाव. होऊन जाऊ दे."

धोंडिराम चौगुले, वय एकतीस. कागलकडच्या एका गावचा वायरमन. खांबावरून पडला तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. बरगड्यांच्या खाली त्याला काही म्हणता काही कळत नव्हतं. तो आमच्याकडे आला आणि महिन्याभरात सारिकाचा भाऊ प्रकाश दोनदा येऊन गेला. व्हरांड्यात उभं राहून, धोंडिरामला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचा. सव्वीस वर्षांची पोर आहे, आयुष्य काढायचंय, आम्ही दुसरीकडं बघतोय. सारिका खाली मान घालून ऐकायची. शेवटी तिनंच तोडगा काढला. "दादा, सहा महिनं थांब. ह्यांच्या पायाला कळाया लागलं तर मी येणार न्हाई. न्हाई कळलं तर तू म्हणशील तसं."

हे तिनं नवऱ्यासमोरच सांगितलं. धोंडिराम म्हणाला, "मान्य हाय." जणू शेताच्या बांधाचा निवाडा चालला होता.

सरांनी एक पट्टा तयार केला होता. तो पाठीला बांधून रोज तासभर अगदी सौम्य वीज सोडायची. "विजेनंच पाडलं, आता वीजच उठवंल," धोंडिराम म्हणायचा. दर सोमवारी मी त्याची चाचणी घ्यायचे. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, आणि पिनेच्या टोकानं पावलावर, घोट्यावर, गुडघ्यावर, मांडीवर टोचत जायचं. काही विचारायचं नाही. टोचलेलं कळलं की पेशंटनं आपण होऊन "हां" म्हणायचं आणि जागा सांगायची. मधूनच थांबायचं, काहीच करायचं नाही. त्या थांबलेल्या वेळात तो "हां" म्हणाला तर समजायचं, गडी अंदाजानं बोलतोय. साधी चाचणी आहे. पण माणूस बदलला की हात बदलतो आणि हात बदलला की आकडा बदलतो, असं सरांचं म्हणणं. म्हणून सगळ्या चाचण्या एकट्या मीच घ्यायच्या, असा त्यांचा दंडक.

नऊ आठवडे शून्य.

मग माझं डोहाळजेवण झालं. रविवारी. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी, सगळं सासूबाईंनी हौसेनं केलं. दोन झाकलेल्या वाट्यांतली एक उचलायला लावली, त्यात पेढा निघाला. पेढा म्हणजे मुलगा. (झाली मुलगीच. आता सहा वर्षांची आहे, आणि तळपायाला नुसतं बोट लागलं तरी घर डोक्यावर घेते.) सोमवारी मी वॉर्डात पेढे वाटले, हात धुतले आणि धोंडिरामच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. पावलावर टोचलं.

"हां," तो म्हणाला. "पाऊल. डावं."

मी थांबले. तो गप्प. पुन्हा टोचलं.

"हां."

दहापैकी सहा वेळा. मी उठून सरांना बोलवायला अक्षरशः पळाले, तसल्या पोटानिशी. पुढच्या सोमवारी सात, त्याच्या पुढच्या सोमवारी आठ. मधे थांबले की तो कधी म्हणजे कधी फसायचा नाही. सारिकानं वॉर्डात सगळ्यांना साखर वाटली आणि भावाला फोन लावला. फोनवर ती बोलली काहीच नाही, नुसती रडली; भावाला उलटंच वाटलं, तो गाडी घेऊनच आला. मग तिनं त्याला पटवून परत पाठवला. तोही हट्टी. "तुझ्या ह्या कोल्हापूरच्या डॉक्टरांचं ऱ्हाऊ दे," म्हणाला, "पुण्यात बाहेरदेशाचे डॉक्टर येणार न्हवं, ते हां म्हणू देत, मग माझी काय तक्रार न्हाई."

धोंडिरामचं मात्र ठाम मत झालं होतं. "पट्टा-बिट्टा काय न्हाई ताई. पेढं तुम्ही आणलं त्याच दिवशी माझ्या पायाला कळलं. पायगुणाचं बाळ हाय तुमचं. ते आलं की पयला माझ्या मांडीवर द्यायचं. मला कळणार, किती जड हाय ते."

तर त्या सकाळी पडद्यामागे तो हेच पुन्हा सांगत होता. मांडीवर कसं घेणार, कुठल्या हातानं धरणार. सांगता सांगता सारिकाचं ब्लेड सटकलं. अंगठ्याच्या कडेला चांगलं अर्ध्या बोटाएवढं कापलं, रक्त आलं. मी बघितलं. तिनं बघितलं. धोंडिराम बोलतच होता.

सारिकानं पदर अंगठ्यावर दाबून धरला आणि ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे.

"कडेची जागा आहे," मी हळूच म्हटलं. "तिथं कधी कळतं, कधी नाही."

"असंल," ती म्हणाली.

तेवढ्यात आम्हाला बोलावणं आलं. पाठीचा कणा मोडलेल्या माणसांसाठी जगभरातून लोक जमले होते, आणि त्या व्यासपीठाला तीन पायऱ्या होत्या. उतरण केलेलीच नव्हती. हॉटेलच्या चार वेटरांनी स्ट्रेचर उचललं, त्यातल्या एकाच्या हातात अजून पांढरे मोजे होते. धोंडिराम म्हणाला, "दमानं रं बाबांनो, वरात हाय." मागच्या रांगांतले मराठी डॉक्टर हसले. त्याच्या गळ्यापाशी माइक लावलेला होता ना.

सारिकाला पहिल्या रांगेच्या टोकाला खुर्ची दिली होती. तिच्या मागच्या भिंतीशी, गळ्यात पाहुण्यांचं कार्ड अडकवून, प्रकाश उभा होता. त्याला आत कुणी सोडलं, कोण जाणे.

सर पंधरा मिनिटं बोलले. फार छान बोलले. अध्यक्ष होत्या हॉलंडच्या डॉ. व्होस, पांढऱ्या केसांच्या, सत्तरीच्या. त्या पुढे झुकून ऐकत होत्या, मधूनच काही टिपून घेत होत्या. सरांच्या मागे मोठ्या पडद्यावर धोंडिरामचा आलेख होता, नऊ आठवडे जमिनीला चिकटलेली निळी रेघ आणि दहाव्या आठवड्याला तिनं घेतलेली उसळी. शेजारच्या दुसऱ्या पडद्यावर कॅमेऱ्यानं त्याचे पाय दाखवले. खरंच एवढे एवढे. नखं स्वच्छ, आणि अंगठ्यावर सारिकानं घाईत चिकटवलेली पट्टी.

"माझी सहकारी केतकी आता तुमच्यासमोर चाचणी घेईल," सर म्हणाले. "अगदी दर सोमवारी घेते तशी."

मी डोळ्यांवर रुमाल बांधला. "भाऊ, ठीक ना?"

"एकदम. टोचा."

मी वाकले आणि सभागृहभर छन्न झालं. माझ्या कोटालाही माइक होता. स्टेजच्या कडेला गुडघ्यांवर बसलेला साउंडवाला हातानं खुणा करत पुटपुटला, "मॅडम, बांगड्या. बांगड्यांचा फार आवाज येतोय, तेवढं बघा." सासूबाईंनी दोन्ही हातांत डझन डझन भरल्या होत्या, बाळंतीण होईपर्यंत काढायच्या नाहीत, अशी ताकीद होती. मी त्या वर सारल्या, पार कोपरापर्यंत, आणि कोटाच्या बाह्या घट्ट ओढून घेतल्या. पुन्हा वाकले.

डाव्या पावलावर टोचलं.

थांबले. घोट्याखाली टोचलं. मग करंगळीजवळ. मग दुसऱ्या बाजूला जाऊन उजव्या पावलावर. मला वाटलं, लोकांना पाहून बुजला असेल. मी जरा जोर दिला. रक्ताचा बारीक लाल ठिपका आला, पडद्यावर सुपारीएवढा मोठा. गुडघा. पुन्हा पाऊल, घोटा, करंगळी, सगळं. एकदाही "हां" नाही.

"ताई," धोंडिराम म्हणाला. आवाज मोठ्यानं घुमला. "सुरू करा की. लोक खोळंबल्यात."

मराठी कळणाऱ्यांनी श्वास रोखलेला मला ऐकू आला. बाकीच्यांना काही कळलं नाही, तरी पायांवरचे ठिपके त्यांनाही दिसत होते. ते आठ होते.

सर पटकन पुढे आले. हसतमुखानं म्हणाले, काल पाच-सहा तासांचा प्रवास झालाय, इथले दिवे प्रखर आहेत, पेशंट थकलाय. डॉ. व्होसही लगेच म्हणाल्या, "अर्थातच. बिचाऱ्याला विश्रांती द्या. स्टेजवर असं होतंच." दोन-चार जणांनी माना डोलावल्या. साउंडवाल्यानं अंगठा वर केला, आवाज आता ठीक आहे म्हणून. विषय मिटला होता. मी रुमाल सोडायचा आणि वेटरांना खूण करायची, इतकंच उरलं होतं.

मी वर पाहिलं. निळी रेघ. दहावा आठवडा. पेढ्यांचा सोमवार.

पोटात बाळानं एकदम टाच मारली. बरगडीखाली, चांगली जोरात.

मी बाह्या वर केल्या. बांगड्या खाली घसरून मनगटावर आल्या. मी पीन खिशात टाकली, मोकळा हात त्याच्या डाव्या पावलाच्या वर वीतभर अंतरावर हवेत धरला आणि मनगट जरासं हलवलं.

"हां!" धोंडिराम म्हणाला. केवढा आनंद होता त्या आवाजात. "डावं पाऊल!"

मी उजवीकडे गेले. हवेतच हात हलवला.

"हां! उजवं!"

गुडघ्याच्या वर.

"गुडघा! ताई, आज लई स्वच्छ कळतंय बघा!"

कुणीतरी हसलं. एकच माणूस, मागे कुठेतरी. मग त्याला पाहून आणखी काही. फार नाही, लगेच दाबलंही त्यांनी. पण माइकशिवायही ते स्टेजवर पोचलं. धोंडिरामला वाटलं, लोक खूश झाले. तोही हसला. मग कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून त्याचा चेहरा जरा गोंधळला, आणि त्यानं स्वतःच हात नेऊन रुमाल वर सरकवला.

मोठ्या पडद्यावर त्याचे पाय होते, आणि त्यांच्या वर वीतभर माझा हात.

त्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्या मनगटाकडे. मग पायांकडे पाहायला मान उचलली, आणि ती तशीच बराच वेळ उचलून धरली.

पडद्यामागे सरांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, ओरडतील. वर्षाचं काम गेलं होतं. पट्टा बांधलेल्या बाकीच्या चौघा पेशंटांचे आकडेही आता कुणी धरणार नव्हतं. पण ते ओरडले नाहीत.

"पहिल्या वेळी तुला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं, सर. देवाशपथ."

"हं. आणि नंतर कळलं. तर इथे आत येऊन मला सांगायचंस. मी संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं असतं, लेखी दिलं असतं. त्याला आपण खोलीत नेऊन सावकाश सांगितलं असतं." त्यांनी चष्मा काढला. "पहिली चाचणी झाली, केतकी. ठीक. दुसरी कुणासाठी केलीस?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि ते डॉ. व्होसना भेटायला गेले.

दुपारी हॉटेलच्या मागच्या फाटकाशी आमची अँब्युलन्स उभी होती. धोंडिरामला आत चढवलं होतं. मागचं दार उघडंच होतं, ऊन आत त्याच्या पायांपर्यंत आलं होतं. पलीकडे चाफ्याच्या झाडाखाली प्रकाशची जीप. सारिका दोन्हींच्या मधे उभी होती, हातात कापडी पिशवी.

"मॅडम, एक विचारते. खरं सांगा," ती म्हणाली. "ह्यांच्या पायाला कळंल का?"

"नाही," मी म्हणाले.

"म्हंजे आत्ता न्हाई, का..."

"कधीच नाही, सारिका."

असं कुणी सांगत नाही. आम्हाला शिकवलेलंच असतं, कधीच म्हणायचं नाही. सांगता येत नाही म्हणायचं, बघू या म्हणायचं. पण त्या दिवशी मला खरं बोलायची चटकच लागली होती.

तिनं मान हलवली. "सकाळी ब्लेड लागलं तवाच मला कळलं हुतं. पर म्हटलं, तुमच्या पिनंला माझ्यापेक्षा जास्त कळत असंल." मग पिशवी चाचपली. "मी हितनंच जाते. गावात गेले की माझा पाय निघायचा न्हाई."

"त्यांना सांगितलंस?"

"तुम्हीच आत्ता सांगितलंसा की," ती म्हणाली आणि उघड्या दाराकडे नजर टाकली. "उजव्या कुशीवर लई वेळ निजवू नका. तिथं कातडी लाल झालीया. आन् भाकरी मऊ असली तरच खातेत. मागत न्हाईत, तशीच ठेवतेत."

ती दारापर्यंत गेली. आत चढली नाही. बाहेरूनच हात घालून त्याच्या पायांवरची चादर सारखी केली, कोपरे खाली खोचले. धोंडिराम छताकडे पाहत होता.

"जाते," ती म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला. "ठरल्यालंच हाय."

जीप फाटकाबाहेर पडली. मी त्याच्या शेजारी चढून बसले. कोल्हापूर येईपर्यंत दर दोन तासांनी त्याची कूस बदलली. प्रत्येक वेळी तो म्हणाला, "उपकार झाले." मला त्यानं कधी उपकार म्हटलेलं नव्हतं.

घरी आल्यावर मी मोरीत बसून साबण लावून एकेक बांगडी उतरवली. तीन फुटल्या. सासूबाई दाराशी उभ्या राहून "अगं, अशुभ, अगं, पोटातलं..." असं काहीबाही म्हणत राहिल्या.

सोमवारी धोंडिरामला घरी सोडायचं होतं. त्याचा चुलता न्यायला येणार होता. सोडण्याआधी शेवटची चाचणी कागदावर लागते. सर म्हणाले, दुसऱ्या कुणाला पाठवतो. पण धोंडिरामनं निरोप दिला, ताईच पाहिजेत.

मी गेले. मोकळे हात. त्यानं मान उचलून दिली, मी रुमाल बांधला. खिडकीतून स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. "भाऊ," मी म्हटलं, "मला..."

"घ्या घ्या, उरका," तो म्हणाला. "काका येतोय."

कागदावर लागणाऱ्या ह्या पूर्ण चाचणीत आधी गालावर टोचून दाखवायचं असतं. कणा मोडला तरी गाल बधिर होत नाही. टोचणं म्हणजे काय, हे पेशंटला तिथं कळतं आणि मग खालच्या जागांची तुलना त्याच्याशी करायची. मी त्याच्या गालावर पीन टेकवली. दाढीचे खुंट वाढले होते.

"हे लागतंय ना?"

"न्हाई," तो म्हणाला.

मी पुन्हा टोचलं, जरा जोरात. गालाची कातडी थरथरली. रुमालाची खालची कड ओली होत चालली होती.

"भाऊ, गाल आहे हा. लागत असणार."

"न्हाई, ताई."

मी तिसऱ्यांदा टोचलं. रक्त आलं, पुसलं. मी फॉर्म मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं. त्या फॉर्मवर एकशे बारा रकाने असतात, मानेपासून तळपायापर्यंत. गालासाठी रकाना नसतो.